किल्लीचा दोरा

दर पाच वर्षांनी मिस प्रॉसर येतात,
बूट दारात काढतात,
आणि मोजे घातलेल्या पायांनी माझं कपाट तपासतात.
पोलादी, भिंतीत जखडलेलं, दोन कुलपांचं.
आत एक दुनळी. नंबर वाचतात, कागदाशी ताडतात.
मग स्वयंपाकघराकडे वळून
शालनला ठरलेला प्रश्न:
किल्ली कुठे असते, ठाऊक आहे तुम्हाला?
शालन भांडं पुसता पुसता म्हणायची, नाही बाई.

बेचाळीस वर्षांच्या संसारात
पगार, दुखणी, तिच्या भावाचं कर्ज, माझं एक मूर्खपण,
सगळं उघड्यावर होतं.
ही एवढी किल्ली
कायद्यानं मला बायकोपासून लपवायला लावली.

बंदूक ही माझी गरज आहे असं मी म्हणणार नाही.
हौस आहे.
रविवारी ग्विलिमच्या माळावर मातीची कबुतरं उडतात,
पंचविसातली सोळा मी फोडतो,
खांद्याला बसलेला दणका सोमवारी दुपारपर्यंत पुरतो.
पलीकडे वेल्सचे डोंगर, त्यांना काही ऐकू येत नाही.

आता नवं विधेयक येऊ घातलंय.
दुनळीलाही रायफलीचा न्याय:
सबळ कारण दाखवा, दर खेपेला, नव्यानं.
गावच्या हॉलमध्ये सभा झाली. ओले कोट, गार चहा.
कुणी म्हणालं, लंडनचे गुंड काय फॉर्म भरतात?
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
मग मला उठवलं, कारण मी डॉक्टर, गुरांचा का होईना,
आणि कारण (हे कुणी बोललं नाही)
पेपरातल्या फोटोत माझा रंग बरा दिसला असता.

मी म्हणालो,
दोन हजार एकच्या साथीत
सरकारनंच माझ्या हाती खिळ्याचं पिस्तूल दिलं,
दिवसाच्या बोलीवर.
मेंढ्या मोजायचं मी दुपारीच सोडलं.
कोकरं मऊ असतात, पटकन होतं.
तेव्हा कुणी विचारलं नाही, डॉक्टर, झोप लागते का?
आता विचारतात, मातीच्या कबुतरांसाठी.

टाळ्या पडल्या नाहीत.
ग्विलिम स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.
त्यातल्या बऱ्याच त्याच्या होत्या.

शालन नोव्हेंबरात गेली.
आमच्या दवाखान्यातल्या पोरगेल्या डॉक्टरनं गोळ्या लिहिल्या
आणि नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं.
चौथ्या दिवशी मिस प्रॉसर. बूट काढले.
थोड्या दिवसांसाठी, डॉक्टर रेगे.
मी तडकलो. तीस वर्षांत
एक काडतूस इकडचं तिकडे झालं नाही,
आणि माणूस गेल्याचं दुःख गुन्ह्यात कधीपासून धरता?
त्या काही बोलल्या नाहीत.
पावतीपुस्तक उघडून उभ्या राहिल्या.

किल्ली आणायला वर गेलो.
मेंढ्यांच्या रोगांच्या जाड ग्रंथामागे,
वासरांच्या औषधाच्या रिकाम्या डब्यात.
दोरा माझा सुतळीचा होता, कुजत आलेला.
हा लाल. दुहेरी पिळाचा, वर निरगाठ,
लोणच्याच्या बरणीचं तोंड बांधायची तसली.

कधी बदलला असेल? गेल्या वर्षी? दहा वर्षांपूर्वी?
वाण्यानं चुकून जास्त दिलेले वीस पेन्स परत करायला
गारठ्यात दोन मैल चालत गेलेली ही बाई
पोलिसांशी खोटं बोलत होती, दर पाच वर्षांनी,
भांडं पुसत.

आणखी एक. हे सभेत सांगितलं नसतं.
आदल्या दोन्ही रात्री मी कपाटासमोर उभा होतो.
नळ्यांना तेल द्यायचं राहिलंय, असं मनाशी म्हणत.
जिना चढलो नाही.
का चढलो नाही, ते सांगता येत नाही.
गुडघे दुखत होते, हेही खरंच.

खासदारबाईंना पत्र लिहायला घेतलंय.
विधेयकाला माझा विरोध आहे, ही पहिली ओळ.
ती खोडलेली नाही.
दुसरी तीन आठवडे जमत नाही.

दुनळी त्यांनी नेली, किल्ली राहिली.
चहाच्या डब्याशेजारी खिळ्याला अडकवून ठेवलीय,
लाल दोऱ्यासकट, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.