पावती

नेरेइदा, ते पत्र आधी खाली ठेव.
माहीत आहे मला, कागद जाड आहे,
सोनेरी शिक्क्यावरून बोट फिरवलं की गरुडाचे पंख लागतात,
आणि तुझं नाव अगदी बरोबर लिहिलंय,
जे शाळेच्या वार्षिक अंकात एकदाही धड छापलं गेलं नाही.

हजारोंमधून निवड झाली म्हणे तुझी.
कुठून झाली?
तू तर अर्जच केला नव्हतास.

थांब. आलोच.

हे बघ. जन्माच्या दाखल्यांखाली होतं,
सहा वर्षं.
तोच गरुड. तोच उठाव.
फाउंडेशनचं नाव तेवढं बदललंय,
आणि माझ्या पत्रात शाई जरा जांभळी होती.

हायवेलगतच्या मोटेलचा हॉल.
फुकट डोनट होते. मी तीन खाल्ले.
इस्त्रीच्या शर्टातला माणूस आईसमोर वाकून
आपल्या भाषेत ‘सेन्योरा’ म्हणाला.
वापाटोच्या पॅकिंग शेडमध्ये दहा वर्षं उभ्या असलेल्या बाईला
तोवर कुणी सेन्योरा म्हटलं नव्हतं.
तुला ठाऊक आहे तिचा अंगठा,
पट्ट्यावरून धावणाऱ्या सफरचंदाला नुसता लागला
तरी सालीखालचा डाग ओळखतो.
त्या दिवशी तो अंगठा
नोटा मोजत होता.

चारशे पंच्याण्णव डॉलर.
चेरीच्या हंगामातले, गाडीच्या टायरसाठी ठेवलेले.
‘पैसे परत मिळण्याची हमी,’ तो म्हणाला.
‘जागा फक्त आजच्यापुरत्या,’ तो म्हणाला.
आणि कुणालाही न मिळणारी माहिती म्हणून हातात दिली
अकरा पानांची झेरॉक्स,
त्यातल्या निम्म्या तारखा उलटून गेलेल्या.
फोन केला तर आधी संगीत.
मग नुसतंच संगीत.
मग, हा क्रमांक अस्तित्वात नाही.
हातावर तुरी देऊन गेला तो,
आणि तुरी आम्ही जपून ठेवल्या, या ड्रॉवरमध्ये.

बाबांना आईने सांगितलं, एफ्राइनचे मार्क कमी पडले.
मी मान हलवली.
लुबाडलं गेल्यापेक्षा ढ असणं सोपं वाटलं
त्या वयात.
तेव्हापासून दर जानेवारीत
थंडीने ताठ झालेल्या फांद्या छाटताना
मला माझे मार्क आठवत राहिले.
चांगले होते गं.

आता तुझ्याकडे एकोणऐंशीच मागतायत, प्रक्रिया शुल्क,
आणि बँकेच्या खात्याचा नंबर, ‘रक्कम जमा करण्यासाठी’.
बक्षीस घ्यायला आधी आपणच पैसे भरायचे
हे कुठलं बक्षीस?
आज रात्री बाराला मुदत संपते म्हणे.
संपू दे.
उद्या मिसेस लिंडक्विस्टकडे जा,
लायब्ररीशेजारची खोली, दाराला स्टिकर लावलेत ती.
सरकारी मदतीचा फॉर्म तिथे बसून भरता येतो.
त्याच्या नावातला पहिला शब्दच ‘मोफत’ आहे.
मी सहा वर्षांपूर्वी तो शब्द
वाचूनही वाचला नव्हता.

…बाबा,
तुम्ही कधीपासून उभे आहात दारात?

त्यांनी काही विचारलं नाही.
बूट काढले. पावती उचलली,
चष्मा नव्हता म्हणून लांब धरली,
आकडा वाचला, तारीख वाचली,
मग आईकडे पाहिलं.
आईने गॅस बारीक केला, विनाकारण,
भांडं तर कधीच उतरवून ठेवलं होतं.
बराच वेळ फ्रिजचाच आवाज.
मग त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या बाजूला,
आणि बोलले ते तुझ्याशी,
‘त्या बाईंच्या फॉर्मला पैसे किती?’

‘काहीच नाही, पापा.’

‘मग दोन भर.’