चोवीस तास

शाळेच्या बसची नोंदवही.
डिझेल, टायर, पहाटेचं तापमान: उणे एकतीस.
तिच्या मागच्या पानांवर
पाच वर्षं मी ओरिशाचं दुखणं लिहीत आलो.
फेब्रुवारी. उजवा डोळा. लाल रंग विटकरी दिसतो म्हणाली.
जानेवारी. डावा पाय, तळघराच्या जिन्यावर.
मग चौदा महिने कोरे.
तारास पोटात असताना तर पानाला हातही लागला नाही;
तो तीन महिन्यांचा झाला
आणि हिचं कमरेखालचं सगळं बधिर.

सास्काटूनच्या डॉक्टर बाई पडद्यावर पांढरे ठिपके दाखवतात,
कधी उलटेल त्याचा एक वाकडातिकडा आलेख.
"अंदाज आहे, नेस्तोर. हवामानखात्यासारखा."
बाई, मी प्रेअरीवर बस चालवतो.
हवामानखात्याचं मला सांगू नका.

त्यांचा नियम असा,
त्रास चोवीस तास टिकला तरच तो झटका.
त्याआधी नुसता शीण, किंवा आंघोळीचं पाणी जास्त कढत.
म्हणून आमच्या घरात मधूनच एक दिवस येतो
ज्याला अजून नाव नसतं.
ती बटाटे सोलते. मी बर्फ उपसतो.
घड्याळाकडे कोणीच बघत नाही,
किती वाजले ते दोघांनाही ठाऊक असतं.

आणि मला वाटलं, सापडलं!
अकरा महिने, चौदा, अकरा, चौदा.
म्हणजे आता मार्च.
मी रजा टाकली, शेजारच्या मेलनिकांची काठी आणून ठेवली,
मार्चची वाट बघितली, वसुलीवाल्याची बघावी तशी.

मार्च आला, गेला.
ती ईस्टरच्या अंड्यांवर मेणाच्या रेघा ओढत बसलेली,
केसाएवढ्या बारीक. एकही हलली नाही.

काठी परत द्यायला निघालो तर म्हणाली, वही आण.
पेन्सिल घेतली,
समासात चार टिंबं दिली, सावकाश.
"हे तू मोजलेच नाहीस.
हे तुझी आई गेली तेव्हाचं. तू आधीच रडत होतास.
हे तारासच्या पहिल्या वाढदिवसाचं, केक कापायचा होता.
या दोन वेळी, काय माहीत,
नुसतं सांगायचा कंटाळा आला."

अकरा गेले. चौदा गेले.
बाईंना कळवायला हवं, आलेख पुन्हा काढा म्हणून.

संध्याकाळी रंगाच्या भांड्यातून तिनं अंडं काढलं,
दिव्याशी धरलं, मग माझ्याकडे.
"लाल आहे ना हे?"

लाल होतं. चांगलं लालभडक.

सात वाजून दहा मिनिटं.