अठ्ठावीस

सकाळपासून चारशे तीन.
म्हणजे दार आहे, पण तुला आत नाही.
प्रोग्रामची नवी आवृत्ती चढवली
तर चारशे एकोणतीस: फार वेळा विचारलंस, थांब जरा.
काउंटरपलीकडे बाबलकाका तांडेल थांबलेलेच,
अंगाला डिझेलचा वास, भरतीला देवगड सोडायचं.
"काय गो प्रणोती, गावला काय?"

व्हिडिओ बारा मिनिटांचा:
इंजिनाच्या पंपात शिरलेली हवा कशी काढायची.
पंधरा वावांपुढे रेंज मरते
आणि पंप नेमका तिथेच.

अकराला आकडा हलला. चाळीस. सत्तर.
एक्क्याण्णववर लाल ओळ. अठ्ठावीस.
हा मला नवा. शोधला.
कार्डात जागा नाही.

उघडलं तर आभाळ.
नऊशे फोटो, नुसतं आभाळ,
एकात माणूस असेल तर शपथ.
"काका, सगळे सारखेच. अर्धे काढू?"
त्यांनी चष्मा कपाळावर नेला.
"ह्यो बघ. ह्या दिसा खालसून वारो इलो.
आणि ह्यो, दुसऱ्या दिसा मालंडकरांची होडी गेली."
बोट सरकत राहिलं.
मला राखाडी, राखाडी, जरा कमी राखाडी.

"मगे ऱ्हवांदे. एकदा दाखव माका."
उभ्यानेच पाहिलं, मध्ये दोनदा अडकलं तरी.
नट सैल करायचा आला
तेव्हा मनगट आपोआप फिरलं.
वीस रुपये ठेवले. मी म्हटलं,
उतरलं कुठे काही?
ते पायरी उतरले होते.

संध्याकाळी शटर ओढताना
मीही एक फोटो काढला, बंदरावरचा.
मोठा करून पाहिला.
काही वाचता आलं नाही.