उजवा ऑल्ट

नारीनच्या वर, आत-बाशीच्या शाळेत
जर्मनीहून अकरा लॅपटॉप आले
सफरचंदांच्या खोक्यांतून.
पाठीवर कुठल्याशा करकचेरीचे नंबर,
पोटात कुणाच्या तरी टेबलाखालची धूळ,
कीबोर्डवर वायच्या जागी झेड,
आणि त्यावर इथल्या पोरांनी चिकटवलेले
रशियन अक्षरांचे कागदी चौकोन.

बुरुल एजे गणित शिकवते.
एजे म्हणजे थोरली बहीण; बाईंना इथे तसंच म्हणतात.
तिनं पेनड्राइव्ह खोचला.
काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ:
या प्रोसेसरला अमुक येत नाही, सबब पुढे जाता येत नाही.
"येतं त्याला," ती म्हणाली, "सांगायला लाजतोय."
फळ्यापाशी गप्प उभ्या मुलाबद्दल म्हणते, तशी.
आणि बूटच्या ओळीच्या शेवटी
एक शब्द टाइप केला, जबरदस्तीचा.
चाललं.

बाहेर उणे सव्वीस.
शामशिदिन भट्टीत कोळसा टाकून येतो,
लॅपटॉपच्या पंख्यापाशी तळवे धरतो,
म्हणतो, ही पण माझ्याच खात्यातली.

तीन दिवस वायफायमध्ये गेले.
कार्ड आहे, दिसतं, स्वतःचं नाव सांगतं,
पण त्याचं फर्मवेअर नाही.
फर्मवेअर इंटरनेटवर,
इंटरनेट वायफायवर.
लग्न झाल्याशिवाय वेड जाईना,
वेड गेल्याशिवाय लग्न ठरेना.
शेवटी साल्कीनच्या भावाचा फोन,
एक सैल केबल,
आणि खिडकीच्या सगळ्यात वरच्या काचेला टेकवून
मिळालेली सिग्नलची दीड काडी.

घड्याळाच्या बॅटऱ्या सगळ्यांच्याच मेलेल्या.
रोज सकाळी उठून ती यंत्रं म्हणायची,
आज एक जानेवारी, दोन हजार चार.
साल्कीनचा तेव्हा जन्म नव्हता.
कुठलीही साइट उघडा, ती दारातूनच म्हणायची,
माझ्या ओळखपत्राची मुदत अजून सुरू व्हायचीय.
बाजारात मनगटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे
गोल चकत्या मिळाल्या. दहाच.

अकराव्यासाठी मग कुणी भांडलं नाही.
त्याचे स्क्रू चौथ्यात, रॅम सातव्यात,
आणि झाकणाचा
शामशिदिनचा चहाचा ट्रे.

सेटअप विचारतो: कीबोर्ड कुठला?
यादीत खाली, खाली, अजून खाली:
किर्गिझ.

रशियन कीबोर्डवर त्यांची तीन अक्षरं नसतात.
आजवर ज्यानं त्यानं जवळच्या अक्षरावर भागवलं,
वाचणारा समजून घेतो, म्हणून.
त्यातलं एक तर थेट आपला ङ.
क ख ग घच्या मागे रांगेत शेवटी उभा,
वाङ्मय सोडलं तर
कुणी हाक न मारलेला.
त्यांच्याकडे तो रोज तोंडात असतो,
फक्त बोटाखाली नव्हता.

उजवा ऑल्ट दाबून धरायचा,
मग साधं अक्षर.
एवढंच होतं.
बुरुल एजेनं पर्समधून नेलपॉलिश काढलं.
तीन कळांच्या कोपऱ्यात तीन लाल ठिपके,
दहा यंत्रांवर तीस.
सहाव्यावर शामशिदिन शिंकला,
तिथला ठिपका अर्धी कळ खाऊन बसलाय.

साल्कीन बराच वेळ नुसती बसली.
तिला एकाच शब्दात तिन्ही हवी होती.
मग उजवा अंगठा ऑल्टवर टेकवून,
चिमटा काढावा तशी एकेक कळ दाबत
तिनं लिहिलं: कोङुल.
मन.
पाच अक्षरांत तीन ठिपक्यांची.
मागून कुणीतरी म्हणालं, अग, सेव्ह कर.

आवाज अजून नाही.
साउंड कार्ड सापडतं, स्पीकर सापडतात,
मध्ये काय अडलंय ते कळत नाही.
ते उद्या, एजे म्हणाली.
झाकणावर ठेवून चहा आला.