दुसरं टोक

मशीन माझी आहे. पावती पत्र्याच्या पेटीत,
कराडच्या मुजावरांचा शिक्का, अठरा इंची पट्टी,
सोबत एक पुस्तक मिळालं, त्यात मराठी सोडून
अकरा भाषा.
म्हणून सगळं चुकत चुकत शिकलो.

पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत.
घरी येऊन गाडीच्या टाकीतून नळीनं ओढतो,
पहिला घोट तोंडात येतोच,
मग दिवसभर भाकरीला तोच वास.
एका लिटरला चाळीस मिली तेल.
माप म्हणजे पोरीच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण,
दहाची चार झाकणं.
पाचवं पडलं तर प्लग काळा.
चौथं राहिलं तर पिस्टन धरतो,
आणि मुजावर नुसता बघतो,
बोलत नाही, आकडा लिहितो.

साखळीला मात्र ट्रॅक्टरचं जळकं तेल चालतं.
खाण्यापिण्याची तिची कुरकुर नाही.

याच्या आधी करवत होती. साडेचार हात लांब,
एका मुठीला मी, दुसरीला हिंदुराव.
वीस वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड
ओंडक्यावरून बघितलं.
ओढायचं, ढकलायचं नाही. ढकललं की पातं वाकतं.
आपलं ओढून झालं की हात सैल सोडायचा,
पुढचं समोरचा बघतो.

मशीनलाही मुठी दोनच,
पण दोन्ही माझ्याच हातात.

हिंदुरावला मी काही सांगितलं नाही.
त्याला आवाज ऐकू गेला. अख्ख्या ढेबेवाडीला गेला.

मग देसायांच्या निलगिऱ्यांना काप वळायला लागला.
सरळ लावावी तर पट्टी उजवीकडं पळायची.
साखळी ताणली, पट्टी उलटी बसवली,
फिल्टर जुन्या ब्रशनं घासला.
वखारवाला म्हणाला, हे ओंडके आहेत का केळी?

त्या संध्याकाळी हिंदुराव आला,
चहा नको म्हणाला,
खिळ्यावरची साखळी काढून मांडीवर घेतली.
मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत. अंगठाच फिरवला.
"एका अंगाचं दात खुजं झाल्यात.
जिकडं हात बसतुया तिकडंच घासतूस तू.
आन् कानस मागं वडतूस व्हय रं?
करवत वडायची, कानस ढकलायची.
उलटं केलंस की दोन्ही जात्यात."

छत्तीस दात. एकेकाला तीन वेळा,
प्रत्येक वेळी कानस उचलून मागं.
एकशे आठ होतात, मी मोजले.
त्याला सांगितलं तर म्हणाला,
"माळ घातली असती तर मटाण सुटलं असतं."

किती देऊ, विचारलं.
"करवतीला किती असायचं?"
अर्धं.
"मग?"
मी म्हणालो, पेट्रोल माझं, तेल माझं, हप्ता माझा,
रात्रभर कान वाजतात तेही माझेच.
"कान सोडून बाकीचं वजा कर."
बराच वेळ घासाघीस झाली.
मधे सौ. चहा ठेवून गेली, तेव्हा त्यानं घेतला.
चौथाई ठरली.

आता वहीत लिहितो:
पेट्रोल. टू-टीचं तेल. प्लग. हप्ता. टोक.
पोरगी विचारते, टोक कशाचं?
मी म्हणतो, तू बेरीज कर.

काल ओढ्याकाठची बाभूळ होती.
परवान्याचा कागद बघितला, मगच दोरी ओढली.
तिसऱ्या झटक्याला लागली.
पट्टी नाकासमोर खाली उतरत गेली,
भुसा पायाशी, लालसर, जाडा,
हिंदुरावच्या अंगठ्याइतका सरळ काप.
इतका सरळ की मला बरं वाटलं,
आणि बरं वाटलं म्हणून अर्ध्यात
मी हात सैल सोडला.

मशीन उसळली. कपाळापासून वीतभर.
ब्रेक पडला, साखळी थांबली,
बाभळीतून हळूहळू धूर येत राहिला.

हिंदुरावला हे अजून सांगितलेलं नाही.