लग्नानंतरचे नाव

सेलूच्या नगरपालिकेत, विवाह नोंदणीच्या टेबलामागे
डब्याच्या सुट्टीत मी एक रशियन कादंबरी वाचते.
वाचनालयाची, सातशे पानांची, पाठीला खाकी कागद,
आत वाळवीचं एक भोक
पहिल्या लग्नातून थेट तिसऱ्या लग्नापर्यंत गेलेलं.

मुंजाजीअप्पा म्हणाले होते,
"नेऊ नका बाई, नावांनीच माणूस थकतं.
एकेकाला चार-चार. कोण कुणाची, पत्ता लागत नाही."

मला कधी गोंधळ झालाच नाही.

मी सुंद्रा लिंबाजी. घरात सुंदी.
आजोळी ठकी, कारण तिथं एक सुंद्रा आधीच होती.
मग परातीतल्या तांदळात यांनी अंगठीनं काढलं, रत्नमाला.
र नीट उमटला नाही, तांदूळ सारखे करून पुन्हा काढला.
सासूबाईंना तेही लांब पडायचं. ए मानवतवाले, म्हणायच्या.

पुस्तकातल्या घरात चार लेकी आणि एक समोवार.
समोवार म्हणजे आपला न्हाणीतला बंबच, नुसता चहाला लावलेला.
थोरलीच्या हुंड्यात एका म्हाताऱ्या सरदाराचं कर्ज फिटलं.
बाहेर गुडघाभर बर्फ.
इथं पंख्याखाली चव्वेचाळीस, साक्षीदार मान पुसत विचारतात,
सही कुठं करायची.

एका ठिकाणी मी पेन्सिलीनं खूण केली.
त्यांच्या बायकांच्या नावात बाप राहतो.
घर बदलतं, आडनाव बदलतं,
ती पळून जाते, बदनाम होते, परत येते,
दार उघडणारा गडीसुद्धा तिला बापाच्या नावासकट हाक मारतो.

माझ्या टेबलावर रकाना सात, वधूचे लग्नापूर्वीचे नाव.
रकाना आठ, लग्नानंतरचे.
सातातून आठात जाताना मधला माणूस गळतो.
बारा वर्षं मी तो वळणदार अक्षरात गाळत आले.

गेल्या आठवड्यात यांनी आमचाच अर्ज आणला.
एकतीस वर्षांचा संसार, नोंद कुठंच नाही,
पेन्शनला दाखला पाहिजे म्हणे.
चारचौघांसारखे बाकावर बसले, टोपी मांडीवर.
मी विचारलं, नियमाप्रमाणं, "वराचे नाव?"
"व्यंकट ग्यानोबा," म्हणाले, पुढं आडनावही,
जसं मी कधी ऐकलंच नव्हतं.

लिंबाजी, माझा बाप, जिनिंगवर कापूस दाबायचा.
संध्याकाळी त्याच्या भुवयांत रुई असायची.
बर्फ म्हटलं की मला तेवढंच दिसतं.

आठव्या रकान्यात लिहिलं, रत्नमाला लिंबाजी.
थांबले. मग व्यंकट, मग आडनाव.
जागा पुरली नाही, शेवटची दोन अक्षरं रेघेबाहेर गेली.
यांनी चष्मा पुसून वाचलं.
"असं चालतं का?"
"माहीत नाही," मी म्हणाले, "शिक्का माझ्याकडं आहे."

कादंबरीची शेवटची अठरा पानं नाहीत.
मुंजाजीअप्पा म्हणतात, पहिल्यापासूनच नव्हती.
धाकटी घोडागाडीत बसलीय, चाक बर्फात रुतलंय,
नवरा खाली उतरून ढकलतोय,
आणि तिथं शिवणीचा दोरा.

रात्री धपाटे थापत होते, तर हे ओट्याशी येऊन उभे.
"त्या गाडीचं काय झालं मग?"
"रुतलीय."
"अजून?"
"अजून."
तव्यावरचा धपाटा यांनीच उलटला, बोट भाजून घेतलं.
"ती उतरली का खाली?"
मी म्हणाले, पानच नाही.