पकड

फेब्रुवारीत सरोवरावर बर्फ अडुसष्ट सेंटिमीटर.
ओनेर्वामावशी गिरमिटाने भोक पाडते,
काठी आत सोडून मोजते, नखाने खूण करते,
मग म्हणते, आणा गाड्या.

तीन गाड्या.
मामाची जुनी साब, पुढची चाकं ओढणारी.
मावशीची व्हॉल्वो, एकवीस वर्षं केमियार्वीत टॅक्सी होती,
मागची चाकं ढकलणारी.
आणि माझ्या भावाची, वेइक्कोची, नवीकोरी,
चारही चाकांत जीव,
हप्ते अजून बाकी.

आधी साब.
मी स्टिअरिंग डावीकडे वळवलं,
गाडी सरळच चालली,
नाक खाली घालून निघालेल्या रेनडिअरसारखी.
अजून वळवलं. अजूनच सरळ.
मावशी थर्मासमधून कॉफी ओतत होती.
"पाय काढ," म्हणाली. "ब्रेक नव्हे. नुसता पाय काढ."
काढला.
गाडी जराशी वाकली, वजन पुढे आलं,
आणि चाकांना आपलं दुसरं काम आठवलं.

"हे बघ, टायरकडे असतं एक वाटी पीठ.
त्यातूनच भाकर, त्यातूनच लापशी.
भाकर मोठी थापलीस
तर लापशीला काय उरणार?
ह्या बिचाऱ्या पुढच्या दोघांनी
ओढायचंही आणि वळायचंही,
आणि बर्फावर तर वाटीसुद्धा अर्धी."

मग व्हॉल्वो.
इथे वाटणी झालेली: पुढच्यांनी वाट दाखवायची,
मागच्यांनी रेटायचं.
छान वाटलं. गोड वळली.
मग मी पाव इंच जास्त दाबलं
आणि रेटणाऱ्यांनाच पुढे जायची घाई झाली.
आपण कुठे चाललोय
ते मला बाजूच्या काचेतून दिसलं.
"शेपूट पळते तिकडे हात ने! आता परत आण! परत—"
परत आणायला उशीर झाला.
दोन गिरक्या. चर्चचा मनोरा दोनदा गेला,
तिसऱ्यांदा समोर थांबला.

मावशीची कॉफी मात्र जागच्या जागी.
"याच गाडीतून एकदा बाळंतीण नेली,
सदतीस किलोमीटर, उणे एकतीसमध्ये.
डिकीत वाळूच्या दोन गोण्या, मागच्या चाकांवर भार हवा म्हणून.
बाईला कळ यायची
आणि नेमकं तेव्हाच वळण यायचं.
अर्धा रस्ता तिरकाच काढला.
ते बाळ आता बँकेत आहे.
वेइक्कोच्या गाडीचं कर्ज त्यानेच मंजूर केलं."

वेइक्को हसला नाही.
त्याने आम्हाला मागे बसवलं, सीट गरम केली,
आणि निघाला.
काय निघाला!
ना घसरणं, ना फिरणं,
चारही चाकं आपापला घास घेत
झाडं मागे टाकत गेली.
"बघा," म्हणाला, "खाली बर्फ आहे
हे हिला माहीतच नाही."
"तेच तर," मावशी म्हणाली,
आणि कपाचं झाकण घट्ट लावलं.

नव्वदला वळण आलं.
त्याने ब्रेक दाबला.
पायाखाली थरथर, कटकट, कटकट,
गाडी प्रामाणिकपणे थांबायचा प्रयत्न करत होती
आणि सरोवर काही संपत नव्हतं.
थांबवणारी चाकं साबलाही चार असतात,
व्हॉल्वोलाही चार.
निघतानाचा श्रीमंत
थांबताना आमच्याच रांगेत.

बर्फाच्या ढिगात आम्ही हळूच शिरलो,
काचांपर्यंत.
पांढरा अंधार. सीट अजून गरम.
बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग मावशी म्हणाली, "कॉफी?"

कौकोचा ट्रॅक्टर उद्या येणार.
व्हॉल्वो घेऊन मावशी पुढे गेली.
साब मी चालवली,
शेजारी वेइक्को, मांडीवर टोपी, टोपीत किल्ली.
गिरणीपाशी रस्ता उजवीकडे मुरडतो.
तिथे पोचायच्या कितीतरी आधी
माझा पाय पेडलवरून उठला.
शेजारी,
जिथे पेडल नव्हतंच, नुसती ओली चटई,
तिथून त्याचाही.